पहिल्या पाळीच्या इडल्या

आमच्या गल्लीतला पहिल्या पाळीचा माणूस चहा घरी घ्यायचा आणि इडली अक्काकडे खायचा. दापोडीत रुळांच्या अलीकडे आमची गल्ली. एका बाजूला आत्यांची चाळ, समोर पत्र्याच्या खोल्या आणि गल्लीच्या तोंडाशी चाचांचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज. पहाटे साडेपाचपासून माणसं डबे घेऊन मोठ्या रस्त्याकडे निघायची. कुणाला भोसरीची बस गाठायची असे, कुणाला कंपनीची गाडी, आणि सगळ्यांच्या वाटेवर अक्काचं दार. दारात स्टोव्ह, त्यावर ॲल्युमिनियमचं मोठं भांडं, बाजूला झाकलेली चटणी. बसायची सोय नव्हती. उभ्या उभ्या खायचं, हात विसळायचे आणि पळायचं.

अक्का तमिळ. लग्न होऊन दापोडीत आली ती आमच्याच चाळीत. नवरा पिंपरीच्या एका कंपनीत पेंट शॉपमध्ये टेम्पररी होता. किती वर्षं टेम्पररी होता हे त्यालाही आठवत नसावं. तिला सगळेच अक्का म्हणायचे, तिच्यापेक्षा वयानं मोठे पुरुषसुद्धा. मराठी ती इथेच, नळावर शिकली, त्यामुळे तिला नेमक्या जागी नेमकी शिवी यायची. त्या शिव्या आत्यांच्या. आत्या म्हणजे आमच्या घरमालकीण, मूळ गावकीतल्या. त्यांची शेती कंपन्यांत आणि रस्त्यात गेली होती, जीभ मात्र शाबूत राहिली होती.

मी तेव्हा भोसरीत पॅकिंग डिपार्टमेंटला होते आणि माझा नवरा तिथल्याच एका वर्कशॉपात पॉवर प्रेसवर. ज्यांनी प्रेस पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. खाली पत्रा ठेवायचा, वरून लोखंडी ठोकळा धाडकन येतो, पत्र्याचा आकार बदलतो. पत्रा ठेवणारा हात तेवढ्यात बाहेर आला पाहिजे. भोसरी-चाकणकडे हस्तांदोलन करताना एखादं बोट कमी लागलं तर आपण विचारत नाही, तो माणूस प्रेसवर होता हे कळतं. त्यामुळे ही माणसं घरातून निघताना देवाला नमस्कार करतात, मशीनला नमस्कार करतात आणि सकाळी कोणाचं तोंड बघितलं याचा हिशेब मनात ठेवतात. हसण्यावारी नेतात, पण ठेवतात. अक्काच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू असायचं, त्याच्यावर भस्माची रेघ. "अक्काचं तोंड बघून गेलं की मशीन गुमान चालतं राव," असं माणसं म्हणायची. ती म्हणायची, "मग दोन इडल्या जास्त खा, आणखी गुमान चालेल."

त्या डिसेंबरात तिचा नवरा गावी गेला होता. त्याचा थोरला भाऊ समुद्रावर मासेमारी करायचा. बोटीच्या डागडुजीला आणि रंगाला भावाला मदत करून येतो म्हणून तो गेला. पेंट शॉपचा माणूस, बोट रंगवायला त्याच्याइतका बरा कोण मिळणार. सुट्टी मिळत नव्हती, भांडून घेतली होती.

वर्कशॉपांना आमच्याकडे सुट्टी गुरुवारची. रविवारी सगळं जग लोळत असतं तेव्हा आम्ही कामावर असतो. त्या रविवारीही अक्कानं इडल्या विकल्या, माणसं खाऊन गेली, मीही कामावर गेले. संध्याकाळी घरी आले तर माझ्या खोलीत टीव्हीसमोर अर्धी गल्ली जमलेली. टीव्हीवर पाणी. त्सुनामी हा शब्द आमच्यापैकी कुणीच आधी ऐकलेला नव्हता, त्या दिवशी तो सगळ्यांच्या तोंडात होता. अक्का दारात उभी होती, आत येऊन बसत नव्हती. हातात घासलेलं झाकण तसंच होतं.

"आमच्या गावाचं नाव नाय घेत," ती मला म्हणाली. "बाकी सगळी नावं घेतात. म्हणजे तिथं काय झालं नसेल. ना?"

मी हो म्हटलं. मला तेव्हाच वाटलं होतं की जिथली बातमीसुद्धा कुणी देऊ शकत नाही त्या गावाचं काय झालं असेल. पण तिचं तोंड बघून हो म्हटलं, आणि आजही कुणी तसं विचारलं तर मी होच म्हणेन.

पुढचे काही दिवस ती एसटीडी बूथवर उभी असायची. नंबर फिरवायची, ठेवायची, पुन्हा फिरवायची. नववीतली तिची मुलगी शाळेतून थेट तिथेच जायची. गावाकडून उलटा फोन यावा म्हणून चाचांच्या गॅरेजचा नंबर तिनं कधीतरी दिराला देऊन ठेवला होता. शेवटी फोन आला तो तिथेच. चाचा तेलकट हात पुसत चाळीत आले, पण तिच्या दाराशी गेले नाहीत. माझ्याकडे आले. "वहिनी, तुम्ही पण चला," एवढंच म्हणाले. तेवढ्यावरून मला कळलं.

गॅरेजात कॉम्प्रेसर चालू होता, चाचांनी तो बंद केला. पंक्चर काढणारी पोरं बाहेर जाऊन उभी राहिली. अक्कानं रिसीव्हर कानाला लावला आणि बराच वेळ नुसती ऐकत राहिली. मधेच म्हणायची, "सरी. सरी." म्हणजे बरं. समोरचा काय सांगतोय ते आम्हाला ऐकू येत नव्हतं आणि ही आपली बरं, बरं. मग रिसीव्हर ठेवला आणि चाचांना विचारलं, "किती झाले?"

"आलेल्या फोनचे पैसे नसतात, बहन," चाचा म्हणाले, आणि तोंड फिरवून टायरच्या ढिगाकडे बघत राहिले.

तो सापडला होता. किनाऱ्यावरच्या सगळ्यांबरोबर त्यालाही पुरून झालं होतं. आमच्याकडे ही टीव्हीसमोर नावं ऐकत होती त्याच्या आसपासच कधीतरी. दीर म्हणाला, येऊ नको. आम्ही शाळेत राहतोय, झोपायला जागा नाही, दाखवायला काही उरलेलं नाही. दिराची बोट गेली होती, जाळी गेली होती, आणि त्या एका बोटीवर भावकीतली चार घरं जगत होती. अक्कानं हे सगळं मला गॅरेजपासून चाळीपर्यंत येताना सांगितलं, सरळ आवाजात. रडली ती नंतर, आणि तेव्हा आमच्या सगळ्यांच्या खोल्यांत ऐकू गेलं. कंपनीतून दोन माणसं येऊन बसून गेली. टेम्पररी माणसाला त्याहून जास्त काही मिळत नसतं.

दिरानं फोनवर सांगितलेल्या दिवशी तिचं मंगळसूत्र काढायचं होतं. तिकडे हे भावकीतल्या बायका करतात. इथे तिची भावकी कुठली. आम्ही चार-पाच जणी गेलो, तर आत्यांनी आम्हाला दारातूनच परत पाठवलं.

"तुमी सवाष्णींनी न्हाई बघायचं हे," त्या म्हणाल्या. "माझं मी करते. मला ठावं हाय."

आत्यांचे यजमान त्या ऐन तिशीत असताना गेले होते. दार लोटून दोघी आत बसल्या. मी ओट्यावर थांबले. आतून बांगड्यांचा आवाज आला, मग आत्यांचा, "रड गं, रड." बाहेर आल्या तेव्हा अक्काच्या कपाळावर फक्त भस्माची रेघ होती. इतकी वर्षं रोज पाहिलेला चेहरा, पण मला क्षणभर ओळखूच येईना. मी चहा टाकला आणि दोघींना प्यायला लावला.

वर्गणीची गोष्ट अक्कानंच काढली. दुसऱ्याच दिवशी. "बोट घेऊन देऊ," ती म्हणाली. "नवीन नाय मिळणार. जुनी, इंजिनवाली. तो तेच काम करायला गेलता." मला आधी वाटलं, दुःखात माणूस काहीबाही बोलतो. पण ती बोलली आणि आमची गल्ली अशी कामाला लागली की मी तशी पुन्हा पाहिली नाही. चाचांनी ऑइलचा रिकामा डबा धुऊन त्याला वरून फट पाडली आणि गॅरेजच्या दारात टांगला. शेजारच्या सगळ्या गॅरेजवाल्यांकडून एका जुम्म्याची कमाई त्यात आणली. वर्कशॉपातल्या माणसांनी एक दिवसाचा पगार दिला. माझ्या नवऱ्यानं वर ओव्हरटाइमही दिला आणि त्याबद्दल घरी चकार शब्द काढला नाही, मला ते त्याच्या सोबत्याच्या बायकोकडून कळलं. पॅकिंगच्या पोरी मोठ्या रस्त्यावर सिग्नलला डबा घेऊन उभ्या राहिल्या. पैसेवाला माणूस नोट टाकतो आणि काच वर करतो, रिक्षावाला थांबून विचारतो कुठलं गाव, किती माणसं गेली, आणि मग टाकतो. टाकतो दोघंही. लोकांनी दिलं हे मला सांगायचंय. आमच्या लोकांनी हात आखडता घेतला नाही.

संक्रांत आली. आमच्याकडे हळदीकुंकवाला बायका एकमेकींना काहीतरी वस्तू लुटतात, त्याला वाण म्हणतात. दरवर्षी प्रत्येकीच्या घरी चाळण्या, डब्या, साबणदाण्या यांचा ढीग होतो आणि वर्षभर माळ्यावर पडतो. अक्काच म्हणाली, "यंदा ते नको घ्या ना. तेवढे पैसे बोटीत टाका." सगळ्यांना पटलं. आत्यांच्या अंगणात एकच मोठं हळदीकुंकू करायचं ठरलं, सगळ्या गल्लीचं, पलीकडच्या गल्लीतल्याही बायका बोलवायच्या. येईल तिनं वाणाचे पैसे डब्यात टाकायचे, तिळगूळ घ्यायचा, इडली खायची. अक्कानं आदल्या दिवशीच तांदूळ भिजत घातले.

आणि मग ती वेळ आली आणि ती आली नाही. येणारच नव्हती. त्यात कुणाला काही विशेषही वाटलं नाही. विधवा बाई हळदीकुंकवाला येत नाही, हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलेलं की ज्यांचे नवरे समुद्रात गेले त्या बायकांसाठी पैसे जमवायला आम्ही नेमकं हळदीकुंकूच शोधून काढलं. आम्हाला दुसरं काही सुचलंसुद्धा नाही. बाहेर अंगणात आम्ही नटून बसलो होतो, आणि आत स्वयंपाकघरात अक्का आणि आत्या इडल्या काढत होत्या. आत्या तर आपल्याच घरी, आपल्याच अंगणात होणाऱ्या हळदीकुंकवाला दरवर्षी आतच बसायच्या. खिडकीतून ताटं बाहेर यायची. बाहेर एक बाई म्हणाली, "बिचाऱ्या त्या बायका, कशा राहत असतील गं?" आणि खिडकीतून अक्काचा हात आला, चटणीचं पातेलं पुढे करत.

माझी जीभ ताब्यात राहत नाही. मी मोठ्यानं म्हटलं, "जिच्यामुळे जमवतोय तिला आत कोंडलंय आपण, आणि बिचाऱ्या कोण त्या समुद्राकाठच्या?"

उत्तर आतून आलं, आत्यांचं. "तोंड मिट ग बाई. आमाला हितं बरं हाय. तू बाहीर बस अन् कुंकू लाव." मी करंडा घेऊन पुढच्या बाईला कुंकू लावलं. मला त्या दिवशी सगळ्यांचा राग आला होता, स्वतःचाही, आणि त्या रागाचं मी काही केलं नाही. डबा मात्र भरला.

पैसे गेले. चाचांच्या ओळखीचे दोन ट्रकवाले तिकडे धान्य घेऊन चालले होते, पण पैसे आम्ही बँकेतून पाठवले. अक्कानं पुन्हा स्टोव्ह लावला. घरभाडं होतं, मुलीची फी होती. आत्या भाडं मागत नव्हत्या, पण अक्का त्या बाबतीत ऐकणारी नव्हती. पहिल्या दिवशी माणसं आली, जरा दबकत, दोन-दोन इडल्या खाऊन "येतो अक्का" म्हणून गेली. पूर्वीची चेष्टामस्करी नव्हती. एवढं होणारच, असं मला वाटलं.

मग पलीकडच्या गल्लीतल्या एका माणसाचा हात प्रेसमध्ये गेला. दोन बोटं गेली. चांगला होता तो, सिग्नलला आमच्याबरोबर डबा घेऊन उभा राहिलेला. त्या सकाळी तो अक्काकडे इडली खाऊन गेला होता. तसे त्या सकाळी आणखी कितीतरी जण खाऊन गेले होते, ते धडधाकट परत आले. पण ते कोण मोजतो.

कुणी अक्काला एका शब्दानं काही बोललं नाही. बोललं असतं तर मी भांडले तरी असते. माणसं नुसती पलीकडच्या बाजूनं जायला लागली. आमची गल्ली केवढीशी, पलीकडची बाजू म्हणजे फार तर तीन पावलं लांब. तिथून मान खाली घालून, हातातल्या डब्याकडे नाहीतर घड्याळात बघत जायची. मोठ्या रस्त्याला पोह्याची गाडी होती, तिथे थांबायची. अक्का भांडं उतरवून बसलेली असायची. सकाळच्या इडल्या दुपारी ती चाळीतल्या मुलांना वाटायची, संध्याकाळी उरलेल्या म्हशीवाल्याला द्यायची. ती पिठाचं प्रमाण कमी करत गेली. पहाटेचा स्टोव्हचा आवाज आमच्या भिंतीपलीकडून यायचा, तो उशिरा सुरू व्हायला लागला आणि लवकर बंद.

माझा नवराही पलीकडून जायचा. मला ते कळायला वेळ लागला, कारण मी नंतर निघायची. कळलं तेव्हा मी त्याच्यावर तुटून पडले. "अहो, ओव्हरटाइमचे पैसे दिलेत ना? तिच्या गावाला बोट देता आणि तिची इडली गळ्याखाली उतरत नाही?"

तो जेवत होता, थांबला. चिडला नाही. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. "अगं, मी मानत नाही ते," तो म्हणाला. "खरंच नाही मानत. पण मशीनवर हात घालताना डोक्यात आलं तर? एक सेकंद जरी डोक्यात आलं तरी हात राहतो आत." मग म्हणाला, "तिला पैसे देऊ आपण. महिन्याला काहीतरी देऊ." मी म्हटलं, तिला भीक द्यायला ती काय स्टेशनवर बसलीय? तो उठून हात धुवायला गेला. त्याच्या बोलण्यात तथ्य होतं, हेच मला सहन होत नव्हतं.

त्याच सुमाराला दिराचा फोन आला. बोट मिळाली. आणखीही कुठून कुठून मदत आली होती, त्यात आमची मिळून जुनी बोट आली, इंजिनासकट. चाचांनी पेढे आणले. गॅरेजवाल्यांनी, वर्कशॉपच्या माणसांनी, हळदीकुंकवाच्या बायकांनी, सगळ्यांनी खाल्ले. माणसं येऊन अक्काला सांगत होती, "अक्का, बोट आली बघा आपली!" आणि ती म्हणत होती, "होय, आली, देव तुमचं भलं करो." ती खरंच मनापासून म्हणत होती. आणि त्याच माणसांनी दुसऱ्या दिवशी सकाळी तीन पावलं लांबून जायचं सोडलं नाही. मी माझ्या खिडकीत उभी राहून बघत होते. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की ही बाई इथून जाईल, आणि जावं तरी कुठे तिनं, तिथेही शाळेतच राहतात सगळे.

शिमग्यानंतर कधीतरी नवरा म्हणाला, "आज इडली खाल्ली अक्काकडे." मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी त्याच्या डब्यात गोडाचा शिरा दिला. पुढच्या दिवसांत स्टोव्ह पुन्हा लवकर लागायला लागला. सकाळी भिंतीपलीकडून माणसांचे आवाज यायला लागले, "अक्का, चटणी वाढा," असे. म्हटलं, चला, विसरली माणसं. आमची माणसं वाईट नाहीत, त्यांना जरा वेळ लागतो.

एकदा मी कामावर सुट्टी घेतली होती, बहिणीच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. पहाटे उठून इडल्या आणायला भांडं घेऊन अक्काच्या दाराशी गेले. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. दाराशी पूर्वीसारखी गर्दी होती, वाफ होती, माणसं उभ्या उभ्या खात होती. कुणीतरी चेष्टा केली, अक्कानं ती त्याच्यावरच परतवली. मी पुढे झाले आणि तिनं मान वर केली. तिच्या कपाळावर टिकली होती. लाल, मोठी, रुपयाएवढी.

मी भांडं तसंच हातात धरलं. बाजूला ओट्यावर जाऊन बसले. माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती, पैसे देत होती, जात होती. त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं तिचा नवरा कुठे गेला ते. प्रत्येकानं त्याच्यासाठी पगार कापून दिला होता. शेवटची बस भरून गेली, गल्ली रिकामी झाली. अक्कानं स्टोव्ह बंद केला, हात पुसले, नखानं टिकली काढली आणि दाराच्या चौकटीला आतून चिकटवली. मग चिमूटभर भस्म घेऊन रेघ ओढली.

"रोज?" मी विचारलं.

"पाळीच्या दिवशी," ती म्हणाली. "गुरुवारी नाय."

"कुणी सांगितलं तुला असं करायला?"

"कोण सांगेल? मीच. भाडं आहे, पोरीची फी आहे." तिनं माझं भांडं घेतलं आणि त्यात इडल्या काढायला लागली.

"मग दिवसभर ठेव ना," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "कोण काय म्हणतंय ते मी बघते. राहू दे की कपाळावर."

"दिवसभर कशाला?" ती म्हणाली. "दिवसभर खोटं नको. तो गेला ना." मग चटणीचं पातेलं पुढे ओढून ती ढवळायला लागली. "लावताना वाईट वाटतं. काढताना जास्त वाटतं. रोज दोन्ही."

मला रडू आलं, तिला आलं नाही. तिनं भांड्यावर झाकण ठेवलं आणि माझ्या हातात देताना हात तसाच धरून ठेवला.

"तुझ्या नवऱ्याजवळ हे नको बोलू," ती म्हणाली. "माहीत आहे त्यांना सगळ्यांना. पण बोललं की डोक्यात राहतं. मग हात आत राहतो."

मी नवऱ्याजवळ बोलले नाही. अक्का त्या दारात पुढे कितीतरी वर्षं इडल्या विकत राहिली, मुलगी नर्स झाली, सांगवीला घर घेतलं आणि आईला घेऊन गेली. जाताना अक्का आत्यांच्या गळ्यात पडली, माझ्या पडली, चाचांना नमस्कार केला. तोपर्यंत गल्लीत पत्र्याच्या खोल्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि वर्कशॉपं चाकणकडे सरकली होती. पुढे कुणीतरी सांगितलं, सांगवीला ती टिकली लावत नाही.

माझा नवरा आता रिटायर झालाय. इतकी वर्षं प्रेसवर काढून त्याची दहाही बोटं शाबूत आहेत, आणि नातेवाइकांत तो ती कौतुकानं दाखवतो. लोक म्हणतात, नशीबवान. मी चहा ठेवायला आत जाते. ती बोटं मला फार वेळ बघवत नाहीत.